पाण्यात किती विरघळते?



मीठ पाण्यात विरघळते आणि वाळू विरघळत नाही, एवढे ज्ञान आपल्यापैकी प्रत्येकाला लहानपणीच मिळते, आणि बहुतेकांचा प्रवास तेथेच थांबतो. शाळेच्या पुस्तकात दोन रकाने आखलेले असतात: विरघळणारे पदार्थ आणि न विरघळणारे पदार्थ. आम्हांलाही पुष्कळ वर्षे जगात असे दोनच रकाने आहेत असे वाटत होते. रंगखान्यातील माणसांच्या मजुरीतून पैसे कापले जाऊ लागले, तेव्हा आम्हांला प्रथम उमगले की, खरा प्रश्न ‘विरघळते का?’ हा नसून ‘किती विरघळते?’ हा आहे. आणि ‘किती’ या प्रश्नाला तराजूवाचून उत्तर नाही.

रसायनशास्त्रावर बोलण्याचा आमचा अधिकार कोणता, असे कोणी विचारील तर तो रास्त प्रश्न होय. आमच्याजवळ पदवी नाही. युनियनचे काम करताना जेवढे अडले तेवढे वाचनालयात बसून वाचले, आणि उरलेले कॉलेजातील भल्या प्राध्यापकांना भंडावून विचारले. तेव्हा येथे सांगणार आहोत ते शास्त्र्याचे शास्त्र नव्हे. ज्याला त्याची गरज पडली अशा माणसाने ते कसे समजून घेतले, एवढेच.

वीसएक वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यातील गोष्ट आहे. आपल्या शहरातील एका रंगखान्यात टॉवेलाचे सूत लाल रंगवले जात होते. सुकून आलेल्या लडींवर बारीक, गडद ठिपके दिसू लागले. माल परत आला. रंगखान्याच्या मास्तरांनी निकाल दिला की, कामगारांनी रंग नीट ढवळला नाही; आणि नुकसानीची रक्कम दोघा कामगारांच्या मजुरीतून थोडी थोडी कापावयाचे ठरले. त्या दोघांपैकी वयाने मोठे असलेले गृहस्थ आमच्याकडे आले. म्हणाले, “दादा, अर्धा तास काठी फिरवली की हो मी. पाणी लालभडक झालं होतं. आता आणखी काय विरघळायचं राहिलं होतं?”

त्या वेळी लागू असलेल्या १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमाप्रमाणे, नुकसानीपोटी मजुरी कापण्यापूर्वी कामगाराला आपली बाजू मांडण्याची संधी देणे मालकावर बंधनकारक होते. ती संधी आम्ही मागितली आणि ती मिळाली. परंतु बाजू मांडावयाची कशाच्या जोरावर? मास्तर म्हणणार, ढवळले नाही. कामगार म्हणणार, ढवळले. शब्दाला शब्द लागला की ज्याचा आवाज मोठा त्याची सरशी होते, आणि कारखान्यात आवाज कोणाचा मोठा असतो हे सांगावयास नको. त्या गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर शोधल्यावाचून गत्यंतर नव्हते. पाणी लालभडक झाल्यावर आणखी काय विरघळावयाचे राहते?

ते पाहण्यासाठी आधी विरघळणे म्हणजे काय हे पाहू. चमचाभर माती पाण्यात ढवळली तर पाणी गढूळ होते. मातीचे कण बारीक असले तरी ते कणच राहतात. स्वस्थ ठेवले की तळाशी बसतात, तुरटी फिरवली की लवकर बसतात, दाट कापडातून गाळले तर कापडावर अडकतात. मीठ टाकले म्हणजे निराळे घडते. मिठाचा खडा फुटत फुटत इतका सूक्ष्म होतो की त्याचे अतिसूक्ष्म घटक पाण्याच्या रेणूंमध्ये जाऊन मिसळतात. ते तळाशी बसत नाहीत आणि गाळले जात नाहीत. सात पदरी कापडातून गाळा, मिठाचे पाणी खारट ते खारटच. अशा एकजीव मिश्रणाला द्रावण म्हणतात. पदार्थ दिसेनासा झाला म्हणजे नाहीसा झाला असे नव्हे. तो तेथेच असतो, वजनाला पुरेपूर असतो. फक्त डोळ्याच्या व फडक्याच्या तावडीतून सुटलेला असतो.

परंतु पाण्याच्या या पाहुणचाराला मर्यादा आहे. आपल्या घरांत ही मर्यादा दाखविणारी एक जुनी वस्तू आहे. ती म्हणजे चुन्याची निवळी. पानाचा चुना पाण्यात कालवून भांडे स्वस्थ ठेवतात, आणि वरचे नितळ पाणी काढून घेतात. ते पाणी दिसावयास साध्या पाण्यासारखे असते, पण त्यात चुना विरघळलेला असतो. किती? २० अंश सेल्सिअस तपमानाला लिटरभर पाण्यात सुमारे पावणेदोन ग्रॅम. मग तुम्ही चुना चिमूटभर जास्त टाका की घमेलेभर जास्त टाका, निवळीत उतरणारा चुना तेवढाच. बाकीचा तळाशी बसून राहणार. आणखी पदार्थ सामावून घेण्याचे सामर्थ्य ज्याच्यात उरले नाही त्या द्रावणाला संपृक्त द्रावण म्हणतात. निवळी हे असे संपृक्त द्रावण होय, आणि तळचा न विरघळलेला चुना ही त्याच्या संपृक्तपणाची साक्ष होय.

येथे कोणी असे समजू नये की, संपृक्त झाल्यावर सारे व्यवहार बंद पडतात. तळच्या साक्यातून कण सुटून पाण्यात जातच असतात, आणि पाण्यातील तेवढेच कण परत येऊन साक्यावर बसत असतात. जाणारे आणि येणारे सारखे, म्हणून शिल्लक तीच. ज्या गावातून रोज शंभर माणसे बाहेर जातात आणि शंभर आत येतात, त्या गावाची लोकसंख्या हलत नाही, तसेच हे.

आता व्याख्या करता येईल. ठराविक तपमानाला, ठराविक वजनाच्या पाण्यात, एखादा पदार्थ जास्तीत जास्त जितका विरघळून राहतो, तो आकडा म्हणजे त्या पदार्थाची विद्राव्यता. बहुधा हा आकडा १०० ग्रॅम पाण्याला इतके ग्रॅम असा देतात. कारखान्यात लिटरला इतके ग्रॅम असा देतात.

हा आकडा काढावयाचा कसा? मिठाचेच उदाहरण घेऊ, कारण ते घरी करून पाहता येते. शंभर ग्रॅम स्वच्छ पाणी घ्यावे, शक्य तर ऊर्ध्वपातित. त्यात पन्नास ग्रॅम मीठ टाकावे, म्हणजे विरघळेल त्याहून निश्चित जास्त होईल. भांडे झाकून दिवसभर ठेवावे व मधून मधून ढवळावे. दुसऱ्या दिवशी तळाशी मीठ शिल्लक आहे याची खात्री करावी, पाण्यात तापमापी बुडवून तपमान लिहून ठेवावे, आणि वरचे द्रावण गाळणकागदातून गाळावे. गाळलेले नितळ द्रावण एका कोरड्या, आधी वजन केलेल्या भांड्यात पन्नास ग्रॅम भरेल एवढे घ्यावे. मग मंद आचेवर सारे पाणी उडवून लावावे. भांडे थंड झाल्यावर पुन्हा वजन करावे. भांड्यात १३.३ ग्रॅमच्या आसपास कोरडे मीठ उरलेले आढळेल. म्हणजे उडून गेलेले पाणी ३६.७ ग्रॅम. ३६.७ ग्रॅम पाण्यात १३.३ ग्रॅम मीठ, तर १०० ग्रॅम पाण्यात किती? त्रैराशिक मांडा: सुमारे ३६ ग्रॅम. शास्त्राच्या कोष्टकांत मिठाचा हाच आकडा दिलेला असतो.

कृती एवढी सोपी; पण तिच्यात चुकण्याच्या जागा बऱ्याच आहेत, आणि आमच्या मते शास्त्र शिकावयाचे ते या जागांवरच. पहिली जागा घाईची. द्रावण खरोखर संपृक्त होण्याआधीच गाळले तर आकडा कमी येतो. काही पदार्थ तासाभरात संपृक्त होतात, काहींना दिवस लागतात. यावर शास्त्रज्ञांनी सुरेख तोड काढली आहे. एका भांड्यात पदार्थ थंड पाण्यात टाकून ढवळत राहावयाचे. दुसऱ्या भांड्यात पाणी तापवून जास्त पदार्थ विरघळवावयाचा आणि मग तळाशी थोडा साका ठेवून त्याच तपमानाला निवू द्यावयाचे. एक आकडा खालून चढत येतो, दुसरा वरून उतरत येतो. दोन्ही एकाच ठिकाणी येऊन थांबले तर तो आकडा खरा समजावा. दोन्ही पक्षांची साक्ष घेऊन निकाल द्यावा, तसा हा प्रकार आहे.

दुसरी जागा गाळण्याची. न विरघळलेला बारीक कण गाळणीतून निसटला तर तो विरघळलेल्याच्या खात्यावर जमा होतो आणि आकडा फुगतो. तिसरी जागा सुकवण्याची. मीठ सुकताना तडतडते, कण भांड्याबाहेर उडतात आणि आकडा घटतो. तुरटीसारखे पदार्थ तर आपल्या स्फटिकातच पाणी बाळगून असतात. ते किती राहिले व किती गेले हे पाहिले नाही तर हिशेब चुकतो. चौथी जागा पदार्थाच्या शुद्धतेची. बाजारातील पुडीबंद मिठात गुठळी होऊ नये म्हणून एक पूड मिसळलेली असते, ती विरघळत नाही व पाण्याला किंचित धुरकटपणा आणते. आणि पाचवी जागा, जिने आमची फजिती केली ती, तपमानाची. ती फजिती पुढे सांगू.

तपमानाचा विद्राव्यतेशी संबंध आहे हे गृहिणींना शास्त्रज्ञांच्या आधीपासून ठाऊक आहे. पाक गरम असताना जी साखर दिसत नाही, ती पाक निवल्यावर कडेला खडे धरते. मध थंडीत साखरतो. मात्र हा संबंध आकड्यांनी मांडून त्याच्या रेषा काढण्याचे काम फ्रान्समधील गे-ल्युसॅक याने १८१९ मध्ये केले. त्या रेषा पाहिल्या म्हणजे प्रत्येक पदार्थाचा स्वभाव निराळा आहे हे कळते. मीठ फार संथ: शून्य अंशाला १०० ग्रॅम पाण्यात जवळजवळ ३६ ग्रॅम, तर उकळत्या पाण्यात अवघे ३९. सोरा मोठा उतावळा: शून्य अंशाला १३ ग्रॅम, २० अंशाला ३२, आणि शंभर अंशाला जवळजवळ २४५. साखर मुळातच जास्त विरघळणारी: २० अंशाला सुमारे २०० ग्रॅम, शंभर अंशाला त्याच्या दुपटीहून अधिक. आणि चुन्याचा स्वभाव उलटा. तो गरम पाण्यात कमी विरघळतो. उकळत्या पाण्यात त्याची विद्राव्यता निम्म्याहूनही खाली येते. नितळ निवळी तापवली तर ती धुरकट होते ती याचमुळे.

रंगखान्यात वापरले जाणारे ग्लॉबर सॉल्ट याहून विलक्षण आहे. कोरड्या रूपात मोजले तर शून्य अंशाला ते १०० ग्रॅम पाण्यात पाच ग्रॅमच विरघळते. तेथून ते झपाट्याने वाढत ३२.४ अंशाला सुमारे ५० ग्रॅमपर्यंत पोचते, आणि त्यापुढे पाणी जसजसे तापवाल तसतशी विद्राव्यता हळूहळू घटत जाते. सोलापूरच्या पौष महिन्यातील पहाट आणि वैशाखातील दुपार यांत टाकीच्या पाण्याच्या तपमानात किती अंतर पडते याचा विचार करा, म्हणजे ‘नेहमीचेच प्रमाण टाकले’ या वाक्याला किती थोडा अर्थ आहे ते ध्यानात येईल. तपमान न लिहिलेला विद्राव्यतेचा आकडा हा तारीख न घातलेल्या पावतीसारखा आहे. ती दाखवता येते, पण तिच्यावर भांडता येत नाही.

फार थोडे विरघळणाऱ्या पदार्थांसाठी आटवून वजन करण्याची रीत पुरत नाही. खडू घ्या. शुद्ध पाण्याच्या लिटरात तो जेमतेम १५ मिलिग्रॅम विरघळतो. एवढेसे वजन घरच्या तराजूला कळणार कसे? अशा वेळी दुसऱ्या वाटा आहेत. निवळीत थेंब थेंब आम्ल टाकून ती किती थेंबांनी पुरी मारली जाते हे मोजले की चुन्याचा हिशेब लागतो. रंगीत पदार्थ असेल तर त्याच्या छटेची तुलना माहीत असलेल्या द्रावणांच्या छटांशी करतात. आणि क्षारांच्या बाबतीत वीज उपयोगी पडते. शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही. क्षार विरघळले की ती वाहू लागते, आणि जितके क्षार जास्त तितकी अधिक वाहते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रीडरिख कोलराउश या जर्मन शास्त्रज्ञाने याच मार्गाने दुर्विद्राव्य क्षारांची विद्राव्यता मोजली.

त्याचेच एक धाकटे अपत्य आज पाणीशुद्धीची यंत्रे विकणारे लोक आपल्या घरी घेऊन येतात. लेखणीएवढे ते यंत्र, ज्याला टी.डी.एस. मीटर म्हणतात, पाण्यात बुडवले की आकडा दाखवते. हा आकडा विरघळलेल्या क्षारांचा एकंदर अंदाज असतो. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात तो लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असणे चांगले; दुसरा झराच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. परंतु ते यंत्र क्षार कोणते हे सांगत नाही. निरुपद्रवी मीठ व घातक फ्लोराइड यांत त्याला भेद कळत नाही. जंतूंविषयी तर ते पूर्ण मुके असते. तेव्हा आकडा पाहावा, पण विकणाऱ्याच्या तोंडून त्याचा अर्थ ऐकू नये.

आपल्या भागातील विहिरींचे व बोअरचे पाणी बहुधा जड असते हे आपण जाणताच. बंबात आणि पातेल्यांत पांढरा थर धरतो तो या जडपणाचा. बेसाल्टाच्या कातळातून व काळ्या मातीतून झिरपताना पाणी आपल्यासोबत कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळवून आणते. घरी त्याचा त्रास म्हणजे साबणाला फेस येत नाही व डाळ शिजत नाही. रंगखान्यात त्याचा त्रास याहून मोठा. म्हणून आता रंगाकडे येऊ.

रंगकामाची सारी अडचण एका वाक्यात सांगता येते. रंगवताना रंग पाण्यात विरघळला पाहिजे, नाही तर तो सुताच्या आत शिरणार नाही. आणि रंगवून झाल्यावर तो पाण्यात विरघळता कामा नये, नाही तर पहिल्याच धुण्यात निघून जाईल. एकाच पदार्थाकडून या दोन परस्परविरुद्ध गोष्टी करून घेणे हीच रंगाऱ्याची विद्या. नीळ पाण्यात मुळीच विरघळत नाही. तिला अल्कधर्मी पाण्यात घालून तिच्यावर विशिष्ट क्रिया केली की ती पिवळसर हिरवे, विरघळणारे रूप घेते. त्या रूपात ती सुतात शिरते, आणि सूत हवेत धरले की पुन्हा निळी व अविद्राव्य होऊन तेथेच अडकून बसते. आपले पूर्वज हे आंबवून करीत. कारखान्यात तेच काम कॉस्टिक व हायड्रो करतात. १८९७ मध्ये जर्मनीत कृत्रिम नीळ कारखान्यात होऊन बाजारात आली, आणि १९०१ नंतर याच जातीचे नवे पक्के रंग आले. सोलापुरी चादर वर्षानुवर्षे धुऊनही रंग सोडत नाही हा जो लौकिक झाला, त्याच्या मुळाशी असा अविद्राव्यपणाच आहे.

दुसऱ्या जातीचे रंग पाण्यात सहज विरघळतात. त्यांना सुताकडे ढकलण्यासाठी हौदात मीठ घालतात. मीठ वाढले की पाण्यात रंगाला राहण्यास जागा कमी पडते, व तो सुतावर जातो. १९५६ मध्ये बाजारात आलेले रिॲक्टिव्ह रंग याच वाटेने सुतावर जातात, आणि मग सोड्याच्या मदतीने सुताशी रासायनिक गाठ मारून बसतात. ज्यांना या विद्येच्या मुळाशी जावयाचे असेल त्यांनी के. वेंकटरामन यांचा कृत्रिम रंगांवरील ग्रंथ पाहावा. त्याचे पहिले दोन खंड १९५२ मध्ये निघाले. लेखक त्या वेळी मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात होते, आणि १९५७ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. जगभर वापरला जाणारा रंगांवरचा ग्रंथ मुंबईत लिहिला गेला, ही गोष्ट रंगाच्या हौदाशी राबणाऱ्यांना अभिमानाची वाटावी अशी आहे.

मात्र मीठ रंगाला पाण्यातून हुसकावते, ही उपयोगाची गोष्ट चुकीच्या वेळी घडली तर घात करते. रंग विरघळवतानाच पाण्यात क्षार जास्त असतील तर तो पुरा विरघळतच नाही.

आता त्या लाल ठिपक्यांकडे परत जाऊ. आम्ही मास्तरांकडे तीन गोष्टी मागितल्या: रंगाच्या डब्यावरील माहितीचा कागद, त्या दिवशी वजन केलेल्या रंगाची नोंद, आणि पाणी कोठले वापरले याची माहिती. कागद इंग्रजीत होता. त्यावर लिहिले होते की, हा रंग ६० अंशाला लिटरभर पाण्यात ८० ग्रॅम विरघळतो. नोंदीप्रमाणे त्या दिवशी रंग घेतला होता तीन किलो. आणि तो विरघळवला होता वीस लिटरच्या एका बादलीत, कारण पाण्याची टंचाई होती, आणि तापवलेले पाणी तेवढेच मिळाले होते. हिशेब तिसरीतल्या मुलालाही यावा असा आहे. वीस लिटरात लिटरला ८० ग्रॅमप्रमाणे विरघळणार १ किलो ६०० ग्रॅम. उरलेले १ किलो ४०० ग्रॅम काठी अर्धा तास फिरवा की अर्धा दिवस, विरघळणे शक्यच नव्हते. ती बारीक भुकटी लालभडक पाण्यात कोणाला दिसली नाही. बादली हौदात ओतल्यावर ती लडींवर जाऊन बसली.

मास्तर म्हणाले, कागदावरचे आकडे कागदावर. हौदाचे काम निराळे. त्यांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते; म्हणून करून दाखवावयाचे ठरले. एका शिक्षक मित्राकडून गाळणकागद व तापमापी आणली. पाच पेल्यांत लिटरला ४०, ६०, ८०, १०० व १५० ग्रॅम या प्रमाणात रंग कालवला, आणि एकेक गाळू लागलो. चाळीसच्या पेल्यातही कागदावर गाळ राहिला! मास्तर हसले, आणि त्यांना हसण्याचा पूर्ण हक्क होता. आम्ही नळाचे थंड पाणी घेतले होते. ६० अंशाचा आकडा दाखवावयास जाऊन तपमानच विसरलो होतो. कामगारांच्या देखत झालेली ती फजिती आम्हांला पुष्कळ शिकवून गेली. आपली बाजू खरी असली म्हणून आपले मोजमाप खरे होत नाही.

दुसऱ्या दिवशी पाणी ६० अंशापर्यंत तापवून, पेले गरम पाण्याच्या परातीत ठेवून पुन्हा तोच प्रयोग केला. नेहमीच्या पाण्यात ८० पर्यंतचे तिन्ही कागद स्वच्छ निघाले. शंभरच्या कागदावर कण होते, आणि दीडशेच्या कागदावर चिखल. मग त्या उन्हाळ्यात टँकरने येणारे बोअरचे पाणी घेतले. त्यात ८० च्या कागदावरही कण राहिले. ६० चा तेवढा स्वच्छ. म्हणजे बादली लहान होती हा एक दोष, आणि पाणी जड होते हा दुसरा. काठी धरणाऱ्याचा दोष यांपैकी कशातच नव्हता. मास्तरांनी पाचही कागद उजेडात धरून बराच वेळ पाहिले. माणूस कामाचा जाणता होता. “एवढं पाणी आणायचं कुठून?” एवढेच ते म्हणाले. कपात रद्द झाली, कापलेले पैसे परत मिळाले.

पुढे आम्हांस कळले की आमचा हा पेल्यांचा प्रयोग म्हणजे काही नवी युक्ती नव्हती. रंगांची विद्राव्यता ठरविण्याची आंतरराष्ट्रीय मानकातील रीत याच जातीची आहे. वाढत्या प्रमाणाची द्रावणे ठरलेल्या तपमानाला करतात, ती गाळणकागदातून ओढून घेतात, कागदावर काय उरले ते पाहतात व गाळावयास किती वेळ लागला तेही मोजतात. मिठासारखी आटवून वजन करण्याची रीत येथे चालत नाही, कारण बाजारी रंगात नुसता रंग नसतो, भरीचे क्षारही असतात; शिवाय दाट झाल्यावर रंगाचे कण एकमेकांना चिकटतात. म्हणून येथे प्रश्नही थोडा निराळा विचारतात: प्रत्यक्ष वापरावयास किती प्रमाणापर्यंत हे द्रावण निर्धोक आहे?

एक गोष्ट सांगितल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. रंगखान्याच्या हौदात मीठ लिटरला पन्नास-साठ ग्रॅमही घालतात. ते सुतात जात नाही; सारेच्या सारे सांडपाण्यात जाते, आणि सुताला न चिकटलेला रंगही त्याच्याबरोबर जातो. तळे करून पाणी निवू दिले तर गाळ बसेल, मीठ बसणार नाही. का, ते आता सांगावयास नको. विरघळलेले काढावयाचे तर पाणी आटवावे लागते किंवा दाब देऊन सूक्ष्म पडद्यातून ढकलावे लागते, आणि दोन्हींना खर्च येतो. हा खर्च टाळला तर तो संपत नाही. तो शेजारच्या विहिरीवर चढतो. ज्या बोअरच्या खाऱ्या पाण्याने रंग फुटला, त्या खारेपणातील काही वाटा आपल्या उद्योगाचाच असू शकतो, हे आम्ही कामगारांनाही सांगतो. भाकर देणाऱ्या धंद्याविषयी हे बोलणे सोपे नाही. पण जे मोजता येते त्याविषयी मौन पाळू नये.

त्या रंगखान्यात नंतर एक कोष्टक भिंतीवर लागले. कोणता रंग, कोणते पाणी, किती अंशाला, लिटरला किती ग्रॅम. ते मराठीत व तेलुगूत लिहून घ्यावे असा आग्रह आम्ही धरला, कारण बादलीशी जे उभे असतात त्यांना वाचता येईल अशाच भाषेत आकडा असला पाहिजे. ते वडीलधारे गृहस्थ पुढे निवृत्त होईपर्यंत रंग कालवण्याआधी कोष्टकाकडे बोट करून पाणी मागून घेत, आणि पाणी कमी असेल तर रंग दोन बादल्यांत वाटून घेत. ढवळणे त्यांनी सोडले नव्हते; फक्त ढवळण्याने काय होते आणि काय होत नाही, हे त्यांना ठाऊक झाले होते.